माती, मॅट आणि चिकटपट्टी: खेळाडूच्या घोट्याची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

आजचा विषय आहे घोटा. ठीक असेपर्यंत आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मिरा रोड पूर्वेला हाटकेशच्या भागात संध्याकाळी फिरा. एकीकडे उद्योगनगरचे गाळे, दुसरीकडे टॉवर, आणि मधे जिथे मोकळी जागा उरलीय तिथे पोरं खेळतायत. कुठे क्रिकेट, कुठे फुटबॉल, कुठे कबड्डी. अशा कुठल्याही मैदानावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काही नाही रे, पाय मुरगळलाय. पट्टी बांध आणि ये."

या एका वाक्यात दोन समजुती आहेत. पाय मुरगळणं म्हणजे काही नाही, ही पहिली. पट्टी बांधली की काम झालं, ही दुसरी. यातलं खरं किती, हे बघायला थोडं मागे जावं लागेल.

मातीचे दिवस

सुरुवात आपल्या खेळापासून करू. महाराष्ट्रात ज्याला आपण हुतुतू म्हणायचो, तीच आजची कबड्डी. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. पुढे ज्यांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं, ते शंकरराव ऊर्फ बुवा साळवी. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

हा सगळा काळ मातीचा आणि अनवाणी पायांचा. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत मैदान म्हणजे पाणी मारून, चोपून तयार केलेली जमीन. कुस्तीच्या तालमीत तर मातीची आणखी बडदास्त. हौद्यातल्या लाल मातीत तेल, हळद, लिंबू, ताक मिसळायची पद्धत. मातीचा एक गुण असा, की पायावर जास्त जोर आला तर ती थोडी सरकते. पाय जागच्या जागी अडकून राहत नाही. अर्थात माती खरचटवतेही, आणि खड्ड्यात पाय गेला तर मुरगळतोही.

मुरगळला की उपाय ठरलेले. आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप, नाहीतर हाडवैद्याकडे जाऊन तेल लावून चोळून घ्यायचं. तेलावरून आठवलं, कबड्डीच्या नियमात खेळाडूने अंगाला तेल किंवा निसरडं काही लावून मैदानात उतरायला मनाई आहे. नखंही कापलेली लागतात. कारण सरळ आहे: या खेळात पकड हाच जीव, आणि घोट्याची पकड त्यातली खास. चढाईपटूने पाय लांब करून स्पर्श करायचा प्रयत्न केला, की कोपरारक्षक झेप घेऊन त्याचा घोटा धरतो. चढाईपटू मध्यरेषेकडे ओढ घेतो, रक्षक मागे खेचतो. सगळी झटापट एका घोट्यावर. घोट्यावर मुद्दाम हल्ला करणं हे कौशल्य मानलं जातं, असे खेळ जगात फार नाहीत.

पट्टी कुठून आली?

आता जरा न्यूयॉर्कला जाऊ. साल १८९५. व्हर्जिल गिबनी नावाच्या अस्थिशल्यचिकित्सकाने मुरगळलेल्या घोट्यावर एक उपचार मांडला. रोग्याला अंथरुणावर झोपवायचं नाही, कुबड्याही द्यायच्या नाहीत. चिकट पट्ट्या एक उभी, एक आडवी अशा एकमेकींत गुंतवत घोटा बांधायचा, आणि माणसाला चालू द्यायचं. ही रचना बुरुडाच्या टोपलीच्या विणीसारखी दिसते, आणि इंग्रजीत तिचं नावही तशाच अर्थाचं पडलं.

पण पट्टी चांगली हवी ना! जुन्या चिकटपट्ट्यांनी कातडी लाल व्हायची, सोलवटायची. उपाय सापडला झिंक ऑक्साइडमध्ये. अमेरिकेत १८९९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ते वापरून चिकटपट्टी आणली, आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हॅम्बुर्गमधून ल्युकोप्लास्ट आलं. हो, तेच ल्युकोप्लास्ट, जे आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं.

यानंतर अमेरिकन कॉलेजांच्या खेळांनी ही पट्टी उचलली आणि तिचा हेतूच बदलला. गिबनी बांधायचे ती दुखापत झाल्यावर. प्रशिक्षक बांधायला लागले ती दुखापत होऊ नये म्हणून, सामन्याच्या आधी.

बांधायची रीत आजही साधारण तीच आहे. घोट्याच्या वर आणि पावलावर आधाराची एकेक गोल पट्टी. मग आतल्या बाजूने खाली, टाचेखालून बाहेरच्या बाजूने वर, अशी घोड्याच्या रिकिबीसारखी. तिच्यावर आडवी, नालासारखी. शेवटी टाच दोन्ही बाजूंनी अडकवून टाकणारी कडी. या सगळ्याचं काम एकच: पाऊल आतल्या बाजूला वळू न देणं. कारण बहुतेक वेळा पाय तसाच मुरगळतो. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं.

माती गेली, मॅट आली

१९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण जिंकलं. आंतरराष्ट्रीय व्हायचं तर खेळ सभागृहात न्यायला हवा, म्हणून हळूहळू मॅट आली आणि मॅटबरोबर बूट. २६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा घराघरात दिसली ती हीच नवी कबड्डी.

मॅटवर अंग टाकायला भीती वाटत नाही, खेळ वेगवान होतो. पण बुटाचा तळ मॅटला धरून बसतो. वेगात वळताना माती सरकायची, तशी मॅट सरकत नाही. अंग वळतं आणि पाऊल जागेवर राहतं. मधल्या मधे ताण कुणावर? घोट्यावर आणि गुडघ्यावर. म्हणून आज टीव्हीवर सामना बघताना खेळाडूंचे घोटे नीट बघा, कितीतरी पाय पट्टीत बांधलेले दिसतील.

दहा मिनिटांचा घोळ

आता गोष्टीतला मजेशीर भाग. १९६२ मध्ये अमेरिकेत रॅरिक आणि सहकाऱ्यांनी पट्टीची ताकद चक्क मोजली. दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामानंतर तिचा आधार सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी झालेला निघाला. घाम, हालचाल, सैल पडणं. म्हणजे कबड्डीचा पूर्वार्ध वीस मिनिटांचा, आणि पट्टी निम्म्यातच ढिली!

मग पट्टी फुकट का? तसंही नाही. १९७३ मध्ये गॅरिक आणि रेक्वा यांनी कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास केला. पट्टी बांधणाऱ्यांचे पाय कमी मुरगळले, आणि ज्यांचा पाय आधी मुरगळलेला होता त्यांना फायदा जास्त दिसला.

ढिली पडलेली पट्टी वाचवते कशी? याचा एक धागा १९६५ मध्ये ब्रिटिश सर्जन मायकेल फ्रीमन यांनी दिला होता. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल कुठे आहे, किती वळलंय, ही खबर ती सतत पाठवत असतात. लिगामेंट फाटलं की खबर देणारेही जखमी होतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण बातमी उशिरा पोचते आणि पाय पुन्हा दगा देतो. फ्रीमननी अशा रोग्यांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि त्यांचा पाय दगा देण्याचं प्रमाण कमी झालं. पट्टीही कातडीवर ताण देऊन पावलाची जाणीव जागी ठेवत असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत.

१९८५ मध्ये स्वीडनच्या फुटबॉलपटूंवर हे तपासलं गेलं. पूर्वी पाय मुरगळलेल्यांमध्ये आधाराचा पट्टा आणि फळीवरचा तोलाचा व्यायाम, दोन्हींनी दुखापती कमी झाल्या. म्हणजे विकत आणायच्या वस्तूने जे साधलं, ते व्यायामानेही साधलं.

मग हाटकेशच्या पोरांनी काय करायचं?

प्रो कबड्डीच्या संघाला फिजिओ असतो. मिरा-भाईंदरच्या गल्लीतल्या संघाला बहुधा नसतो. मुलींच्या संघांचे हाल त्याहून जास्त. दर सरावाला नवी पट्टी हा खर्चही परवडत नाही. मग होतं असं, की चांगली चढाई करणारी पोर एकदा मुरगळते, आठवड्याने खेळते, पुन्हा मुरगळते, आणि वर्षभरात तिचं खेळणं सुटतं. नाव मात्र 'अभ्यासामुळे सोडलं' असं होतं. म्हणून ही पहिली दुखापत 'काही नाही' नसते. पुढच्या मुरगळण्याचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे आधी झालेलं मुरगळणं.

तर लक्षात ठेवा. पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर कळ येत असेल, तर थेट डॉक्टर आणि एक्स-रे. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं नको. नंतर जपून चालायला सुरुवात. पळणं, वळणं, उडी मारणं, या क्रमाने दुखल्याशिवाय जमायला लागलं की मगच सामना. आधी मुरगळलेला पाय असेल तर पट्टी किंवा घोट्याचा पट्टा वापरा, पट्टी शिकलेल्या माणसाकडून बांधून घ्या, बोटं बधिर झाली तर लगेच काढा. आणि ती रंगीत ताणली जाणारी पट्टी? ती जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात आणली. ती ताणली जाते, म्हणून पाऊल अडवून धरायचं काम तिच्याकडून अपेक्षू नका.

आणि रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा. आधी डोळे उघडे ठेवून. ते जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून. मग मित्राला चेंडू टाकायला सांगा. ना मॅट लागते, ना फी, ना मोकळं मैदान. आपल्या आजोबांच्या पिढीच्या घोट्यांना अनवाणी खेळात हा तोल रोज सांभाळावा लागायचा. आपले पाय बुटात गेले, जमीन सपाट झाली, म्हणून आता तो मुद्दाम शिकायचा.

तुमच्या संघात कोणी मुरगळलेल्या पायाने घाईघाईत मैदानावर परतत असेल, तर हा भाग त्याला किंवा तिला पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर खेळत राहा, आणि पायाखाली बघत राहा!