वाळूतला रुपया आणि वाळूतली अंगठी

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहूच्या किनाऱ्यावर महापालिकेचे कामगार निर्माल्य उचलत असतात. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, ओहोटीच्या रेषेवर, काही मुले आणि बायका वाकून वाळू चाळत असतात. कुणाकडे पत्र्याची चाळण असते, कुणाकडे दोरीला बांधलेले लोहचुंबक. विसर्जनाच्या वेळी लोकांनी श्रद्धेने पाण्यात टाकलेली नाणी ते गोळा करतात. हा काळ त्यांना सोयीचाही असतो. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि पावसाळा सरताना ती हळूहळू परत येऊ लागते. खाली दबलेले बरेच काही त्या दिवसांत वर आलेले असते.

आता या चाळणीच्या जोडीला एक यंत्र येऊ लागले आहे. आपल्याला मेटल डिटेक्टर माहीत आहे तो मॉलच्या आणि स्टेशनच्या दारातला, आपली झडती घेणारा. पण लांब दांड्याचा आणि खाली थाळीसारखी चकती असलेला डिटेक्टर ऑनलाइन घरपोच मिळतो. इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक किनाऱ्यावर तो फिरवून नाणी आणि दागिने शोधतात. त्यांचे व्हिडिओ आपल्या वस्त्यांतली मुलेही पाहतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. अशा व्हिडिओंचा विषय निघाला की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, सापडलं तर ते आपलंच ना?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात कायदा आहे, शरियत आहे आणि आपल्या उपनगरांचा दीड हजार वर्षांचा इतिहासही आहे.

आधी यंत्राविषयी. चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला की त्या धातूत छोटे प्रवाह उठतात आणि दुसरे वेटोळे ते टिपते. मग कानात आवाज येतो. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने 1881 साली याच तत्त्वावर एक उपकरण केले होते. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठे आहे हे शोधायचे होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या धातूच्या तारांनी यंत्राला चकवले असे सांगितले जाते. पुढे गेरहार्ड फिशर या जर्मन वंशाच्या अभियंत्याला अमेरिकेत हातात धरून फिरवता येईल अशा डिटेक्टरचे पेटंट 1937 साली मिळाले. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधणारे यंत्र बनवले आणि 1942 साली एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. म्हणजे जीव वाचवण्यासाठी निघालेले यंत्र पुढे हौशी लोकांच्या हातात आले.

लोहचुंबक आणि डिटेक्टर यांत एक मोठा फरक आहे. आपली अलीकडची रुपया-दोन रुपयांची नाणी ज्या स्टीलची असतात, ते चुंबकाला चिकटते. सोने आणि चांदी चिकटत नाही. म्हणून दोरीला चुंबक बांधलेल्या मुलाच्या हाती रुपया, दोन रुपये लागतात. डिटेक्टरवाल्याच्या हाती अंगठीही लागते. आणि खरा पेच अंगठीपासून सुरू होतो.

धुळीतून सोने काढणे आपल्याकडे नवे नाही. त्याचा एक जुना, प्रतिष्ठेचा धंदाच होता. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, ती पाण्यात धुवायची, गाळायची आणि त्यातून सोन्या-चांदीचे कण वेगळे करायचे. हे काम करणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात, गुजरातीत धूळधोया आणि उर्दूत न्यारिया. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरांमध्ये मुसलमान कारागीर जमातींच्या यादीत झारेकऱ्यांची नोंद आहे आणि हे आडनाव मराठी मुसलमानांत आजही ऐकायला मिळते. सोनाराचा पहिला घाम सोन्याला लागतो, झारेकऱ्याचा शेवटचा. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की झारेकरी ती धूळ दाम मोजून घेत असे. तिचा मालक कोण हे त्याला माहीत होते आणि मालकालाही आपण काय विकतो आहोत हे माहीत होते. किनाऱ्यावरच्या वाळूला असा ओळखीचा मालक नसतो. म्हणून तिथे प्रामाणिकपणाची परीक्षा अधिक कठीण होते.

1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 403 खाली काही उदाहरणे दिली होती. कायद्याच्या पुस्तकात इतकी जिवंत उदाहरणे क्वचित असतात. एका माणसाला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो. तो कुणाचा हे त्याला माहीत नाही. त्याने तो उचलला तर गुन्हा नाही. दुसऱ्या माणसाला मौल्यवान अंगठी सापडते. तीही कुणाची हे माहीत नाही. मालकाचा शोध घेण्याचा प्रयत्न न करता तो ती लगेच विकून टाकतो. हा गुन्हा आहे. आज दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या कलम 314 मध्ये हाच विचार पुढे चालू आहे. रुपयाला चेहरा नसतो, अंगठीला असतो. तिच्या आत एखादे नाव, तारीख किंवा आद्याक्षर कोरलेले असू शकते. नसले तरी ती कुणीतरी शोधत असणार, हे शहाण्या माणसाला कळायला हवे.

आपल्या फिक्हमध्ये यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. बुखारीच्या संग्रहात या विषयावर हदीस आहेत. त्यांचा आशय असा, की थैली सापडली तर ती कशी आहे, तिची दोरी कशी आहे हे नीट लक्षात ठेवा, वर्षभर तिची जाहीर वाच्यता करा, आणि मालक येऊन खूण पटवेल तर ती त्याला द्या. तपशिलात मजहबांमध्ये फरक आहेत. पण मूळ मुद्द्यावर एकमत आहे, की सापडलेली वस्तू आधी अमानत असते. किरकोळ वस्तूसाठी एवढा खटाटोप अपेक्षित नाही. इथेही रुपया वेगळा आणि अंगठी वेगळी. सातव्या शतकातली मदिना आणि एकोणिसाव्या शतकातले कलकत्ता यांच्यामध्ये एवढे अंतर असताना दोन्हीकडे माणसे एकाच निष्कर्षाला आली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

विसर्जनात टाकलेल्या नाण्यांचे काय? ती हरवलेली नाहीत. देणाऱ्याने ती आपखुशीने सोडली आहेत. ती चाळून घरी नेणाऱ्या मुलाकडे चोर म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. पण कधी कधी घाईत मूर्तीच्या अंगावरचा खरा दागिनाही पाण्यात जातो. तो सोडलेला नसतो, विसरलेला असतो. दोन्ही एकाच वाळूत, एकाच दिवशी सापडतात. यंत्राला धातू कळतो, देणाऱ्याचा इरादा कळत नाही. तो आपल्याला ओळखावा लागतो.

आता तिसरा प्रकार, ज्याला उर्दूत दफीना म्हणतात आणि मराठी कायद्याच्या भाषेत निखात निधी. जमिनीत दडवलेली संपत्ती. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला तर काय सापडले, कुठे सापडले आणि कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. आपल्या उपनगर जिल्ह्यासाठी ते कार्यालय वांद्र्याला आहे. निधी सरकारी खजिन्यात जमा करायचा किंवा तशी हमी द्यायची. मग जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना वेळ दिला जातो. निधी बेवारस ठरला आणि जमिनीचा मालक वेगळा असला, तर त्यांच्यात दुसरा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजावा लागतो. लपवणाऱ्याचा मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखालीही येते. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही.

या कायद्यात 'कुठे सापडले' हा शब्द आहे. माझ्या मते सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा जुन्या साष्टी बेटाचा भाग. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशावर कलचुरी घराण्यातला कृष्णराज राज्य करत होता. त्याची छोटी चांदीची नाणी, जेमतेम दोन ग्रॅमची, मुंबई आणि साष्टी बेटांत सापडली आहेत. तशीच ती नाशिक, सातारा आणि थेट अमरावतीकडेही सापडली. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. सापडलेली गावे नकाशावर मांडली, म्हणून त्याचे नाणे कुठवर चालत होते हे समजले. नाशिकजवळच्या अंजनेरीला आठव्या शतकाच्या सुरुवातीचा ताम्रपट मिळाला, त्यातही 'कृष्णराज रूपक' या चलनाचा उल्लेख आहे. म्हणजे राजा गेल्यावर सुमारे दीडशे वर्षे त्याचे नाणे लोकांच्या विश्वासावर चालत होते. घारापुरीला त्याची तांब्याची नाणी सापडली. तिथली लेणी त्याच्याच काळात कोरली गेली असावीत आणि ही नाणी कारागिरांच्या मजुरीची असावीत, असा तर्क काही अभ्यासकांनी त्यावरून केला. हीच तांब्याची नाणी कुणी पिशवीत भरून भंगारात विकली असती, तर किती पैसे मिळाले असते? आणि किती गेले असते?

दुसरे उदाहरण विरारच्या लोकलने गाठता येईल असे, नालासोपाऱ्याचे. 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' नावाचा उंचवटा उकरला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती. करंड्यात एकात एक बसवलेले आणखी करंडे, अगदी आत सोन्याचा. सोन्याची फुले होती आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे होते. सोन्यापेक्षा हे नाणे मोलाचे ठरले, कारण स्तूपाच्या काळाचा तो पुरावा होता. मूर्तींची घडण नाण्याच्या काळाहून कित्येक शतकांनी अलीकडची आहे, म्हणून हा स्तूप मध्ये पुन्हा उघडला गेला असावा, असेही अभ्यासक सांगू शकले. भगवानलालांनी कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाच्या शेजारी होती हे लिहून ठेवले नसते, तर यातले काहीही कळले नसते. ते अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

नाण्यांचा हा इतिहास आपल्याला परका नाही. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत 'द्रम्म' नावाचे चलन येते. ग्रीक द्राख्मापासून द्रम्म आला, त्याच मुळापासून अरबी दिरहम आला आणि आपल्या बोलण्यातला 'दाम'ही तिथूनच आला. हिजरी 304 मध्ये अल-मसूदी चौलच्या बंदरात आला तेव्हा तिथे हजारो मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली. कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर उद्या जुना दिरहम निघाला, तर तो आपल्या इथल्या हजार वर्षांच्या वास्तव्याचा साक्षीदार असेल. जागा न सांगता तो सराफाकडे गेला, तर ती साक्ष वितळून जाईल.

इंग्लंडमध्ये 1997 पासून हौशी शोधकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवण्याची सार्वजनिक योजना आहे. त्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. 2009 साली स्टॅफर्डशायरच्या शेतात एका हौशी माणसाला डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला. त्याने तो कळवला. 32 लाख पौंडांहून अधिक रक्कम त्याला आणि शेतमालकाला वाटून मिळाली आणि साठा संग्रहालयात गेला. आपल्याकडे कायदा शतकापेक्षा जुना आहे, पण कळवणाऱ्याचे स्वागत करणारी अशी सोपी व्यवस्था नाही. सामान्य माणसाला सरकारी कचेरीची भीती वाटते. आपल्या वस्तीतल्या पोराला तर दुप्पट वाटते, कारण 'हे तुझ्याकडे कुठून आले?' हा प्रश्न त्याला आधी विचारला जाईल. ही भीती खरी आहे. वस्तू लपवल्या जाण्यामागे जितकी हाव असते, तितकीच ही भीतीही असते.

तरीही मुंबईकडे स्वतःचे एक उदाहरण आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज स्फोटात उडाले. शेकडो माणसे मेली. जहाजावर सोन्याच्या 124 विटा होत्या, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा किलोची. त्यातली एक जवळपास मैलभर दूर एका वयस्कर पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती परत केली, 999 रुपयांचे बक्षीस मिळाले तेही मदतनिधीला दिले. गोदीचा गाळ काढताना पुढे अनेक वर्षांनीही विटा सापडत राहिल्या.

तेव्हा मुलांना माझे सांगणे एवढेच असते. डिटेक्टर घ्या, किनाऱ्यावर फिरा, पण कान्हेरीसारख्या संरक्षित जागी पाऊल टाकू नका. तिथे परवानगीशिवाय उकरणे गुन्हा आहे. रुपया सापडला तर खिशात टाका. अंगठी सापडली तर पोलीस ठाण्यात नोंद करा आणि मालक शोधा. जुने नाणे निघाले तर घासूनपुसून चकचकीत करू नका, फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि लेखी कळवा. भीती वाटत असेल तर एखादा शिक्षक किंवा वकील सोबत घ्या. पोहोच मागायला विसरू नका.