गोठ्याचा देखावा: दमिएत्ता, लाहोर, राचोल

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येऊ लागतात. एकात लाल टोपीवाला म्हातारा असतो. दुसऱ्यात लांबलचक हुकूम असतो: मुसलमानाने नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत, केक खायचा नाही, आणि खाली दहा जणांना पाठवण्याची ताकीद. मी दोन्ही पुढे पाठवत नाही.

पण गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी तास संपल्यावर टेबलाशी घुटमळत राहिली. म्हणाली, "टीचर, शेजारच्या आंटी दर नाताळला आमच्याकडे ताट पाठवतात. करंज्या, कुलकुल, केक. अब्बा म्हणाले, या वर्षी परत पाठवून द्यायचं. पूर्वीचे लोक काय करायचे?"

मी मुफ्ती नाही. शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात पडण्याएवढं माझं शिक्षण नाही. अन्नाचं म्हणाल तर सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले-किताबचं अन्न आपल्याला हलाल असल्याचं स्पष्ट आलं आहे, ते मी तिला सांगितलं. पण तिचा प्रश्न फतव्याचा नव्हताच. 'पूर्वीचे लोक काय करायचे' हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि मला वर्गात तो दहा मिनिटांत नीट सांगता आला नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री एकच, हजरत मरियम. एकोणिसावी सूरह त्यांच्याच नावाची आहे. त्यात प्रसूतीच्या कळा सोसणारी एकटी बाई खजुराच्या बुंध्याशी येते, मरण आलं असतं तर बरं असं म्हणते, आणि तिला सांगितलं जातं की पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. जगातल्या कुठल्याही आईला हे प्रसंग ओळखीचे वाटतील.

इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. कुरैशांचे वकील मागोमाग पोचले. राजाला आणि त्याच्या धर्मगुरूंना कमावलेल्या चामड्याच्या भेटी दिल्या आणि म्हणाले, आमची माणसं आमच्या ताब्यात द्या. राजाने विचारलं, तुमचं म्हणणं काय? तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब यांनी याच सूरह मरियमचा आरंभ पढला. सीरतच्या ग्रंथांत लिहिलं आहे की नजाशीची दाढी आसवांनी भिजली. त्याने मुसलमानांना ठेवून घेतलं आणि कुरैशांच्या भेटी परत केल्या. त्या मुलीच्या ताटाचा विचार करताना मला हे शेवटचं वाक्य आठवत होतं. नजाशीने परत केलेली भेट ही लाच होती. करंज्यांचं ताट लाच कशी असेल?

आता तारखेचं. काही जण म्हणतात, ईसा (अलैहिस्सलाम) डिसेंबरात जन्मले याला पुरावा काय? बरोबर आहे, इंजीलमध्ये तारीख नाही. २५ डिसेंबरचा सण म्हणून सर्वांत जुना लेखी उल्लेख रोमचा, इ. स. ३३६ चा आहे. आर्मेनियन ख्रिस्ती आजही ६ जानेवारीला साजरा करतात, रशियन चर्च जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला. पण हा वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की शेजारणीने ताट आणलं तेव्हा तिने तारखेचा दाखला दाखवला होता का? उर्दूत आपण या सणाला 'बडा दिन' म्हणतो, मराठीत 'नाताळ'. नाताळ हा पोर्तुगीज शब्द, पाव आणि बटाट्यासारखाच गोव्याकडून आपल्या तोंडी बसलेला.

नाताळला ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये गोठ्याचा देखावा करतात, तो तुम्ही वसईकडे पाहिला असेल. गवत, गाय, गाढव, मधे बाळ. या देखाव्याची प्रथा रूढ होण्याचं श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिस यांना दिलं जातं. १२२३ च्या नाताळच्या रात्री इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडून लोकांना बोलावलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच्या चार वर्षं आधी हेच फ्रान्सिस कुठे होते, ते सहसा सांगितलं जात नाही.

ते इजिप्तमध्ये होते, एका मुसलमान सुलतानाच्या तंबूत. १२१९ साल. पाचवं क्रुसेड चालू होतं. क्रुसेडरांनी नाईलच्या मुखाशी दमिएत्ता शहराला वेढा घातला होता. समोर सलाहुद्दीन अय्यूबींचे पुतणे, सुलतान अल-मलिक अल-कामिल यांची फौज होती. अंगावर जाडाभरडा झगा घातलेले फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन युद्धाची रेषा ओलांडून सुलतानाच्या छावणीत गेले. हेतू लपवायचं कारण नाही, त्यांना सुलतानाला ख्रिस्ती करायचं होतं. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. पण त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांनीच लिहून ठेवलं आहे की त्याने या फकिरासारख्या माणसाचं बोलणं काही दिवस ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं.

पुढची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. नोव्हेंबर १२१९ मध्ये दमिएत्ता पडलं. क्रुसेडर आत शिरले तेव्हा उपासमारीने आणि रोगराईने शहरातली बहुतेक माणसं मेलेली होती. दोन वर्षांनी, १२२१ मध्ये, तीच क्रुसेडर फौज कैरोच्या दिशेने निघाली आणि नाईलच्या पुरात अडकली. सुलतानाच्या माणसांनी बांध फोडले, वाट बंद झाली, अन्न संपलं. फौज शरण आली. बदला घ्यायला याहून सोपी वेळ कुठली? सुलतानाने या उपाशी सैनिकांना भाकरी पुरवली, दिवसामागून दिवस. हे आपल्या इतिहासकारांनी आपली थोरवी गायला लिहिलेलं नाही. त्या फौजेत असलेल्या ऑलिव्हर नावाच्या जर्मन धर्मगुरूने लिहिलं आहे. ज्यांच्या आईबापांना, मुलांना आम्ही मारलं, त्यांनीच आम्हाला उपाशी मरू दिलं नाही, अशा अर्थाची त्याची कबुली आहे. ग्रेच्चोतला गोठा त्यानंतर दोनच वर्षांनी मांडला गेला.

आता हिंदुस्थानात येऊ. फेब्रुवारी १५८० मध्ये गोव्याहून तीन जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला पोचले. अकबराने स्वतः पत्र पाठवून त्यांना बोलावलं होतं. रोदोल्फो अक्वाविवा, आंतोनिओ मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस. हेन्रिकेस मूळचे होर्मुझचे, मुसलमान घरातले, फारसी जाणणारे, म्हणून दुभाषी. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नजर केलं. अकबराने ग्रंथ हातात घेऊन चुंबन घेतलं आणि मस्तकी लावला. मोन्सेरातला शहजादा मुरादचा शिक्षक नेमलं. इंजीलच्या तर्जुम्याचं काम अबुल फजलवर सोपवलं, हे अकबरावर जळणारा बदायुनीच लिहितो.

तिसरी तुकडी १५९५ मध्ये लाहोरला आली. प्रमुख होते जेरोम झेवियर, गोव्यात ज्यांचं शव ठेवलं आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच नात्यातले. लाहोरला चर्च उभं राहिलं, मग आग्र्याला. नाताळला या चर्चांत गोठा मांडला जाई, आणि पाद्र्यांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतं की तो पाहायला नुसते ख्रिस्ती येत नसत, शहरातले मुसलमान आणि हिंदू यांची रीघ लागे. मला हे चित्र फार आवडतं. लाहोरच्या डिसेंबरातली थंडी, शाली गुंडाळलेली माणसं, कडेवर पोरं, आणि सगळे मान उंचावून एक बाळ बघताहेत. त्यांतल्या मुसलमानांना गोष्ट माहीत होती. फक्त त्यांच्या गोष्टीत गोठ्याऐवजी खजुराचं झाड होतं.

मरियमचं नाव तर मुघल घराण्यात मानाचं होतंच. अकबराच्या आईची पदवी मरियम मकानी. जहांगीरच्या आईची मरियम-उज-जमानी, म्हणजे आपल्या काळातली मरियम. ही दुसरी बाई आमेरच्या कछवाह्यांची राजपूत लेक! पुढे या नावावरून अकबराची एक ख्रिस्ती बेगम होती अशी दंतकथा पसरली आणि फतेहपूर सिक्रीतले गाइड आजही ती रंगवून सांगतात. खरी गोष्ट त्याहून गोड आहे, पण ती कोण ऐकतो.

अकबराच्या सांगण्यावरून जेरोम झेवियर यांनी फारसीत ईसांचं चरित्र लिहिलं, 'मिरआत-उल-कुद्स', पावित्र्याचा आरसा. मदतीला लाहोरचे अब्दुस्सत्तार बिन कासिम हे मुसलमान विद्वान होते. १६०२ मध्ये ग्रंथ बादशहापुढे आला आणि मुघल चित्रकारांनी त्याच्या प्रती चित्रांनी सजवल्या. म्हणजे पाद्र्याचा मजकूर, मौलवीची फारसी आणि शाही कारखान्यातले मुसलमान-हिंदू चितारी.

याच्या चौदा वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात साष्टीतल्या राचोलला तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत छापून झाली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण'. भाषा आपली मराठी, छंद ओवीचा, जवळपास अकरा हजार ओव्या, छपाई मात्र रोमन लिपीत. सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी शिकवणारी मी, मला या दोन पुस्तकांचं विशेष वाटतं. एकाच गोव्यातून, एकाच संघाची दोन माणसं निघाली. एकाने ईसांना फारसीत नेलं, दुसऱ्याने मराठीत. जेरोम झेवियर पुढे गोव्यात परतले आणि १६१७ मध्ये तिथेच वारले. स्टीफन्स १६१९ मध्ये.

पण एक फरक झाकून चालणार नाही. लाहोरला पाद्री पाहुणे होते. गोव्यात राज्यच पोर्तुगीजांचं होतं. तिथे १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, साष्टीतली देवळं पाडली गेली. अकबराच्या दरबारात रात्ररात्र वाद घालून धडधाकट परतलेले अक्वाविवा १५८३ मध्ये कुंकळ्ळीत गावकऱ्यांच्या हातून मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या म्होरक्यांनाही मारण्यात आलं. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही घडलं. स्टीफन्सचं गोड मराठी वाचताना मला हे आठवतं, आठवलंच पाहिजे.

आपल्या बाजूचंही सांगते, नाहीतर ती बढाई होईल. जहांगीर शहजादा असताना त्याने आग्र्याच्या चर्चला पैसे दिले होते. त्याच्याच मुलाने, शाहजहानने, १६३२ मध्ये पोर्तुगीजांचं हुगळी घेतलं, शेकडो कैदी आग्र्याला आणले, आणि १६३५ मध्ये ते चर्च पाडायला लावलं. पुढच्या वर्षी परवानगी मिळून ते पुन्हा बांधलं गेलं. आग्र्यात आजही ते 'अकबरी चर्च' म्हणून ओळखलं जातं. बापाने दिलेलं मुलाने मोडावं, हे घराघरांत होतं. ताटांचंही तसंच होतं.

आणि बादशहाचे हेतूही फार निर्मळ होते असं समजू नका. समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, हजला जाणाऱ्या जहाजांना त्यांचा परवाना लागे, त्यांच्याशी बोलणं ठेवणं सोयीचं होतं. पाद्र्यांना धर्मांतर हवं होतं, बादशहाला वाद, चित्रं आणि बंदरं. दोघांनाही हवं ते पुरतं मिळालं नाही. पण गोठा पाहायला आलेल्या लाहोरच्या माणसांना बंदराशी काही देणंघेणं नव्हतं. ती पाहायला आली, पाहून घरी गेली आणि मुसलमानच राहिली, हिंदूच राहिली. पाद्र्यांची पत्रं याबद्दल हळहळ व्यक्त करतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही.

गोव्यात नाताळच्या फराळाला 'कोन्सोआदा' म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, बिबिंका, कुलकुल यांचं ताट झाकून शेजारी जातं, हिंदू शेजाऱ्याकडून दिवाळीला तसंच येतं. आमच्याकडे कोकणात माझ्या आईचा नियम होता, आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. काही नसेल तर साखर, गूळ, निदान चार अंडी.

सुट्टीनंतर ती मुलगी भेटली. मी विचारलं, काय झालं ताटाचं? म्हणाली, "अम्मीने घेतलं. अब्बा काही बोलले नाहीत. केक त्यांनी खाल्ला नाही, करंजी खाल्ली."

"आणि ताट?"

"अजून घरीच आहे टीचर. अम्मी म्हणते, ईद लांब आहे, तोपर्यंत काय घालून द्यायचं?"

मी म्हटलं, खजूर दे.