घरफोडी : कुलूप, कायदा आणि विमा

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द वारंवार आढळतात, आणि त्यामागचे कारण साधे आहे. बाहेरून लावलेले कुलूप कितीही भक्कम असले, तरी ते ज्या कोयंड्यात अडकवले जाते तो बहुधा पातळ पत्र्याचा असून दोन-तीन आखूड स्क्रूंवर उभा असतो. कटावणीच्या एका हिसक्यात तो लाकडासह निघून येतो. कुलूप मात्र शाबूत राहते. शिवाय दारावर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची वर्दी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला देत असते.

म्हणून नवे कुलूप घेण्यापूर्वी कोयंडा, चौकट आणि बिजागऱ्या तपासणे श्रेयस्कर. दाराच्या जाडीत बसवलेले कुलूप बंद आहे की उघडे, हे बाहेरून सहजी कळत नाही. दार ओढून घेताच आपोआप लागणाऱ्या लॅचवर मात्र विसंबू नये. त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर चालणारी असल्याने अनेक दारांत पातळ पट्टी सारून ती मागे लोटता येते. बाहेर पडताना किल्ली फिरवून चौकोनी दांडा चौकटीत पूर्ण शिरला, तरच दार खऱ्या अर्थाने बंद होते. सरकत्या खिडकीच्या खोबणीत आतून बसवलेली लाकडी पट्टी हा अल्पखर्चिक उपाय आहे. ग्रीलचे स्क्रू बाहेरून काढता येत नाहीत ना, हे पाहावे. मात्र आग लागल्यास बाहेर पडण्यासाठी एक तरी ग्रील आतून उघडणारी असावी. या दुसऱ्या गोष्टीचा विसर फार घरांत पडलेला दिसतो.

घरफोडी म्हणजे एके काळी शब्दशः घराची भिंत फोडणे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडताना मापासाठी जानव्याचा दोरा वापरतो, आणि तिथे ठेव म्हणून ठेवलेले वसंतसेनेचे अलंकार चोरून नेतो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाट्यरूपांतरामुळे हा चोर मराठी रंगभूमीलाही परिचित आहे.

आजच्या कायद्यातील घरफोडीची व्याख्या भिंतीपुरती मर्यादित नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 330 ही व्याख्या करते. भिंतीला भोक पाडून, खिडकीतून चढून किंवा दाराच्या फटीतून तार घालून कडी उचलून बेकायदा शिरणे ही घरफोडी आहेच. परंतु घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून कोणी तसा शिरला, तरी तीही घरफोडीच ठरते. चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला कलम 331 नुसार दहा वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केली असल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. राहत्या घरातील चोरीसाठी कलम 305 स्वतंत्रपणे लागू होते.

विम्याचे गणित मात्र निराळे आहे. अनेक पॉलिसींत घरफोडीची भरपाई मिळण्यासाठी बळाने प्रवेश केल्याच्या दृश्य खुणा आवश्यक असतात. कुंडीखाली ठेवलेल्या किल्लीने कोणी शांतपणे दार उघडून ऐवज नेला, तर कायद्याच्या दृष्टीने घरफोडी होऊनही विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. 1 एप्रिल 2021 पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीविषयीही गैरसमज आढळतो. आग, पूर, भूकंप यांसारख्या संरक्षित आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतेच तिचे मूळ संरक्षण आहे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे अर्थातच अधिक सुरक्षित. परंतु तेथील वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे 3,000 रुपये असेल, तर ही मर्यादा तीन लाख रुपये होते.

परतल्यावर दार फोडलेले दिसल्यास आत शिरू नये. चोर अजून घरात असण्याची शक्यता असते, आणि कपाटांना हात लावल्याने ठसे पुसले जातात. बाहेरूनच 112 वर कळवावे. परगावी असताना शेजाऱ्यांकडून चोरीची बातमी समजली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मुळे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. दागिन्यांची छायाचित्रे, वजन आणि खरेदीच्या पावत्या आधीच जपून ठेवलेल्या असल्या, तर पोलिसांनी हस्तगत केलेल्या ऐवजातून आपला ऐवज ओळखणे आणि न्यायालयातून तो परत मिळवणे पुष्कळ सोपे जाते.