तळटीप १७ : विश्राम बेडेकर
१७. 'बेडेकरांचे नाटक' : वसईच्या हौशी नाटकमंडळींविषयीच्या या परिच्छेदात केवळ आडनाव आले आहे. येथे विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) अभिप्रेत आहेत. ते अमरावतीचे. नाटककार, कादंबरीकार आणि चित्रपट-दिग्दर्शक अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी काम केले.

त्यांचे 'ब्रह्मकुमारी' (१९३३) दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. मंडळी चित्रपटाकडे वळली, तसे बेडेकरही वळले. पुढे चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. परतीच्या बोटीवरील अनुभवांतून 'रणांगण' (१९३९) ही कादंबरी साकारली. महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा युरोप आणि तेथून परागंदा झालेले ज्यू मराठी कादंबरीत इतक्या जवळून प्रथमच आले.

प्रभातच्या 'शेजारी'ची (१९४१) कथा त्यांची. हिंदू-मुसलमान मैत्रीचे हे चित्र फाळणीपूर्वीचे आहे, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. 'वासुदेव बळवंत' (१९५०) आणि पृथ्वीराज कपूर व सुरैया यांचा 'रुस्तम सोहराब' (१९६३) हे त्यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट.

परिच्छेदातील नाटक म्हणजे 'टिळक आणि आगरकर'. राजकीय स्वातंत्र्य आधी की समाजसुधारणा, या वादात दुरावलेल्या दोन मित्रांची ही गोष्ट. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढले, एवढा संदर्भ माहीत असला की पुढील संवादांतील कळ उमगते.

'एक झाड आणि दोन पक्षी' या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'विभावरी शिरूरकर' या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर त्यांच्या पत्नी.