चौकोनावर बसलेला गोल

दगड दाब मुकाट सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. दोन खांबांवर आडवी टाकलेली शिळा स्वतःच्याच वजनाने किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि तडा नेहमी खालून सुरू होतो. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांत खांबांची दाटी दिसते ती यामुळे. तुळया लांब करता येत नव्हत्या.

मोठा चौक झाकायचा तर पाथरवट कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकत. चौकोनाचे कोपरे कापले गेले की मधली मोकळी जागा लहान होते. मग त्याच्यावर आणखी एक थर, पुन्हा तिरपा. दुसरी रीत अशी, की शिळांची वर्तुळाकार कडी रचायची आणि प्रत्येक कडे खालच्यापेक्षा थोडे आत सरकवायचे. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिरातले मंडपाचे छत या दुसऱ्या जातीचे आहे. खालून घुमटासारखे दिसले, तरी त्यातल्या शिळा आडव्याच असतात.

चौदाव्या शतकात दख्खनेत खरी कमान रुळली आणि हिशेब बदलला. कमानीत पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटतात, त्यामुळे ताण उरत नाही, जवळजवळ सगळा दाबच. पण कमान आपले वजन नुसते खाली सोडत नाही, बाजूलाही ढकलते. घुमट म्हणजे तर चहूकडे फिरवलेली कमान. अर्धगोल घुमटाचा माथा दाबाखाली घट्ट बसतो आणि पायथा बाहेर फाकू पाहतो. हा रेटा अडवायचा कसा, आणि चौकोनी भिंतींवर गोल कडा टेकवायची कशी, हे दोन्ही प्रश्न विजापूरच्या गवंड्यांनी एकाच युक्तीने सोडवले.

ती युक्ती आधी तिथल्या जामा मशिदीत दिसते. या मशिदीचे काम पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत सुरू झाले. महंमद आदिलशहाच्या कबरीवर, म्हणजे गोलघुमटावर, तीच युक्ती प्रचंड प्रमाणात वापरली गेली. हा तोच महंमदशहा, ज्याच्या चाकरीत शहाजीराजे होते.

कबरीचा दिवाणखाना आतून सुमारे 41 मीटर चौरस आहे, मध्ये एकही खांब नाही. प्रत्येक भिंतीत दोन ठिकाणांहून कमानी उठतात, एकूण आठ, आणि त्या एकमेकींना छेदत जातात. वरून पाहिले तर दोन चौकोन एकमेकांत अडकवून ठेवल्यासारखी आकृती होते, रांगोळीतल्या आठ टोकांच्या चांदणीसारखी. तिच्या पोटात अष्टकोन उरतो. त्याच्याभोवती सुमारे सव्वातीन मीटर रुंदीचा सज्जा आहे आणि सज्ज्याच्या मागे, अष्टकोनाच्या कडेपासून बराच बाहेर, सुमारे 38 मीटर आतल्या व्यासाचा घुमट उभा राहतो.

घुमट कडेवर न ठेवता मागे सरकवण्यातच सगळे चातुर्य आहे. कमानी आणि त्यांच्यामधले बांधकाम खोलीच्या आत झुकलेले असते, त्याचे वजन आतल्या बाजूला ओढते. घुमटाचा रेटा बाहेरच्या बाजूला. दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी तोलतात. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तु-इतिहासकाराने या रचनेचे गुण याच मुद्द्यावर गायले. उरलेला भार जाड भिंतींवर येतो. घुमट विटांचा आणि चुन्याचा, तळाशी सुमारे तीन मीटर जाड, आणि चुन्याचे थर इतके सढळ की वाळल्यावर सारे एकजीव झाले.

भूमिती कितीही नेटकी असली तरी चुन्याची ही मदत नाकारण्यात अर्थ नाही. पायथ्याचा थोडाफार ताण त्यानेच पेलला असणार. रोमच्या पँथिऑनचा घुमट याहून रुंद, सुमारे 43 मीटरचा आहे, पण तो गोल भिंतीवर बसलेला असल्याने तिथे कोपऱ्यांचा प्रश्नच नव्हता.

महंमद आदिलशहा 1656 साली वारला तेव्हा इमारतीचे काही काम राहिले होते, ते पुढे पुरे झालेच नाही. आज येणारे बहुतेक लोक सज्ज्यात चढून टाळी वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि उतरतात. कमानी मात्र खालूनच, दिवाणखान्याच्या मध्यावर उभे राहून मान वर केली की मोजता येतात.