अनामिक प्रतिस्पर्धी आणि चौदा खेळ्या : बुडापेस्ट येथील एका डावाचा ऐतिहासिक विचार

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात विजेत्याचे नाव, स्थळ व साल यांची नोंद काळजीपूर्वक केली जाते. पराभूताची नोंद मात्र अनेकदा गळून पडते. इ. स. १९३४ मध्ये बुडापेस्ट येथे पेरू देशाचे बुद्धिबळपटू एस्तेबान कानाल यांनी अनेक हौशी खेळाडूंशी एकाच वेळी खेळताना जिंकलेला चौदा खेळ्यांचा डाव या दृष्टीने अभ्यासनीय आहे. ‘पेरूचा अमर डाव’ या नावाने तो जगप्रसिद्ध झाला. प्रतिस्पर्धी मात्र ‘अनामिक’ म्हणूनच राहिला.

कानाल (१८९६–१९८१) यांचे बहुतेक आयुष्य इटलीत गेले. १९२९ च्या कार्ल्सबाड येथील नामवंत स्पर्धेत ते खेळले होते. १९५० मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मास्टर व १९७७ मध्ये सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. तरीही सामान्य वाचकास ते आठवतात ते या एका डावामुळेच.

अशा प्रदर्शनात मास्टर पटांच्या रांगेपुढून फिरत एकेक खेळी करीत जातो. त्याला विचारास क्षणभरच मिळतो. समोरच्यास त्याची फेरी पुरी होईपर्यंतचा वेळ असतो. प्रस्तुत डावात काळी मोहरी खेळणाऱ्याने नवव्या खेळीपर्यंत फारशी चूक केली नव्हती. दहाव्या खेळीत कानाल यांनी कडेचे प्यादे एक घर पुढे सारून काळ्या उंटावर मारा केला. ते प्यादे उंटास मारील तर त्यामागचा हत्ती काळ्या वजिराच्या तोंडी जाणार, या भरवशावर काळ्याने वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला. हीच घातक चूक ठरली. कानाल यांनी उंट मारला व पहिला हत्ती शहासह जाऊ दिला. राजा एक घर पुढे घेतला आणि दुसरा हत्तीही देऊ केला. तोही घेऊन काळा वजीर पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग पांढऱ्या वजिराने काळ्या राजापुढील प्यादे मारून शह दिला. या शहास एकच वैध उत्तर होते, प्याद्याने वजीर घेणे. त्यानंतर दोन उंटांच्या परस्परछेदक माऱ्यात मात झाली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज खेळाडू सॅम्युएल बोडन यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते.

म्हणजे कल्पना संपूर्ण नवीन नव्हती. तथापि फेरीच्या धावपळीत ती ओळखून दोन हत्ती व वजीर तिच्यावर लावणे, हे श्रेय कमी लेखता येत नाही.

१८५१ मध्ये लंडन येथे अँडरसन यांनी कीझेरित्स्की यांच्याविरुद्ध जिंकलेल्या मूळ ‘अमर डावा’शी येथे तुलना अपरिहार्य ठरते. तोही स्पर्धेबाहेरचा होता व त्यातही दोन्ही हत्ती आणि वजीर यांचे बलिदान झाले. परंतु तो डाव पराभूत कीझेरित्स्की यांनी स्वतःच्या नियतकालिकात छापला. प्रदर्शनातील डावांपैकी कोणता छापावा हे बहुधा मास्टरच ठरवतो. त्यामुळे असे डाव त्याच्या सर्वसाधारण कौशल्याचा पुरावा म्हणून जपूनच वापरावे लागतात.

कुंभार पिंपळगावसारख्या गावातील वाचकास बुडापेस्ट दूरचे वाटेल. पण पारंपरिक हिंदुस्थानी पद्धतीत हा डाव घडलाच नसता. त्यात प्यादे सामान्यतः पहिल्या खेळीतही एकच घर सरके. आजचा किल्लेकोट नव्हता, शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची चाल मिळे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. राजा एका खेळीत कोपऱ्याकडे नेण्याची सोयच नसल्याने काळ्याची ती चूक संभवत नव्हती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे युरोपीय पद्धतीस जुळवून केलेले इंग्रजी रूप १८१४ मध्येच मुंबईत छापले गेले, यावरून दोन पद्धतींची गाठ आपल्याकडे किती लवकर पडली हे दिसते. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेते ठरले. कानाल यांच्या डावानंतर वर्षभराने, १९३५ मध्ये, त्यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले. खाडिलकरांना त्यांतील एकच डाव बरोबरीत सोडवता आला, पण त्यांचे नाव नोंदले गेले.