मुलचेऱ्याचे कषा मांस

कषा मांस : १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा परिसरात वसवली गेली. गडचिरोली जिल्हा १९८२चा. त्याआधी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. कषा मांस म्हणजे याच बंगाली घरांतले बोकडाचे मटण. मोहरीचे तेल धुरावेपर्यंत तापवून त्यात उभा चिरलेला भरपूर कांदा तांबूस करतात, मग दही-आले-लसणात मुरवलेले मटण घालून मंद आचेवर परतत राहतात. पाण्याची घाई करू नये. ओल आटल्याशिवाय मांसाला रंग चढत नाही, ते नुसते शिजते. बुडाला धरलेली खरपूस खरवड गरम पाण्याचा हबका मारून सोडवावी, रश्श्याची खरी चव तिच्यात असते. रस्सा अंगाबरोबर, सोबत भात. नागपूरकडच्या सावजी मटणाशी याची गल्लत करू नये.